येशू, जेजू आणि घरभेटी

बाबांच्या डायऱ्यांचं एक खोकं माझ्याकडं आहे. खिशात मावतील अशा छोट्या, वर्षाअखेरी कुणी ना कुणी भेट देतं तसल्या. त्यातली १९८८ ची डायरी उघडली की अजून गोव्याच्या पावसाचा वास येतो. पानांवर पिवळट ठिपके पडलेत, कुठं कुठं शाई फुटून निळा डाग झालाय, पण जून ते डिसेंबरचं बाबांचं अक्षर वाचता येतं. दर तीन महिन्यांनी नगरला अहवाल पाठवायचा असे. त्याचा छापील तक्ता होता: उपासना, शब्बाथशाळा, घरभेटी, बाप्तिस्मे, विवाह, दफन, वर्गणी. बाबा आधी डायरीत आकडे मांडायचे, मग तक्त्यात उतरवायचे. आमचं गोव्यातलं पहिलं वर्ष त्या सात रकान्यांत नोंदलेलं आहे.

मी तेव्हा दहा वर्षांची होते, भाऊ सहाचा. बाबा प्रोटेस्टंट चर्चचे पाळक. नगर जिल्ह्यात ख्रिस्ती घरं गावोगाव आहेत, त्यामुळं आपण कुणी वेगळे आहोत असं मला तोवर कधी वाटलं नव्हतं. आणि मिशनरी म्हणजे आमच्या लेखी गोरे लोक. अमेरिकन मराठी मिशनची माणसं १८१३ साली मुंबईला उतरली, १८३१ मध्ये त्यांनी नगरला ठाणं मांडलं, त्यांच्या मागोमाग शाळा आल्या, दवाखाने आले. आजोबा त्यांच्या गोष्टी सांगायचे. गॉर्डन हॉल १८२६ साली दौऱ्यावर असताना कॉलऱ्यानं कसा गेला, त्या बायकांनी इथल्या मातीत आपली लेकरं कशी पुरली आणि तरी डोळे पुसून मराठीचे धडे कसे गिरवले. मडगावच्या मराठी मंडळीसाठी, म्हणजे तिथल्या आमच्या चर्चसाठी, बाबांचं नाव ठरलं, तेव्हा आजोबा त्यांच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "आता मिशनरी तू. त्यांनी आपली भाषा शिकली, तू तिथली शीक." बाबांना वाटलं, भाषा कशाला शिकायची? मंडळीत चौदा कुटुंबं, सगळी मराठी. कुणी सोलापूरचं, कुणी जालन्याचं, कुणी नगरचंच. रेल्वेतले गँगमन, सावर्ड्याकडच्या खाणींवरचे ड्रायव्हर, दोन नर्सबाई, एक शिक्षक.

आईला काळजी होती ती बाजरीची. गोव्यात भाकरी मिळत नाही असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. तिनं पंधरा किलो बाजरी घेतली, त्यातली निम्मी दळून डब्यात दाबून भरली. मिरजेला मीटरगेजच्या गाडीत आम्ही चढलो तेव्हा सामानात एक पत्र्याची ट्रंक, आईची पेटी, म्हणजे हार्मोनियम, आणि बाजरी एवढंच काय ते मोलाचं होतं. मृग लागला होता. कॅसलरॉक सोडून गाडी घाट उतरू लागली आणि बोगद्यांमागून बोगदे आले, मधेच उजेड, मधेच धबधबा. दूधसागरपाशी सगळा डबा खिडक्यांना लागला. आईनं भावाला पोटाशी धरलं आणि आमची खिडकी लावून घेतली. दुष्काळी मुलखातल्या बाईला एवढं पाणी एका जागी बघवेना.

मडगावजवळच्या राय गावात आम्हाला दोन खोल्या भाड्यानं मिळाल्या. मोठं जुनं पोर्तुगीज वळणाचं घर, त्याच्या कडेला आमच्या खोल्या. पुढं बालकांव, दोन्ही बाजूंना बसायचे दगडी कट्टे असलेलं. अंगणात विहीर, फणस, फाटकाशी चुन्यानं रंगवलेला खुरीस, म्हणजे क्रूस. आमच्या आतल्या खोलीला आणखी एक दार होतं, ते मालकिणीच्या घरात उघडायचं; त्याला तिच्या बाजूनं कडी होती. मालकीण साठीची, विधवा, गुडघ्यांमुळं वाकून चालणारी. सगळं गाव तिला तिया म्हणायचं, आम्हीही म्हणू लागलो. पहिल्या दिवशी तिनं आईच्या साडीकडं बघितलं, मग गळ्यातल्या काळ्या मण्यांकडं. मण्यांच्या मधे दोन वाट्यांच्या जागी सोन्याचा छोटा क्रूस होता.

"तुमी मराठी?"

"हो."

"मागीर क्रिस्तांव कशीं?"

हा प्रश्न त्या वर्षी आम्हाला दुकानात, बसमध्ये, शाळेत, विहिरीवर, सगळीकडं आला. त्यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. दक्षिण गोव्यातल्या या सासष्टी तालुक्यात मराठी म्हणजे हिंदू, क्रिस्तांव म्हणजे कोंकणी बोलणारा कॅथलिक. या दोहोंच्या मधे माणूस असू शकतो हे कुणी पाहिलेलंच नव्हतं. त्यातून राजभाषा कोंकणी की मराठी, हे भांडण ताजं होतं. डिसेंबर १९८६ मध्ये त्यापायी माणसं मेली होती, फेब्रुवारी १९८७ मध्ये कोंकणीला राजभाषा करणारा कायदा झाला, आणि त्याच मे महिन्यात गोवा राज्य झालं होतं. अशा वेळी सासष्टीतल्या गावात येऊन आम्ही अंगणात मोठमोठ्यानं मराठी बोलत होतो. तियाचा भाऊ फाटकाशी आला की आमच्याकडं न बघता आत जायचा, त्याचं कारण बाबांना पुष्कळ उशिरा कळलं. बाबा पाळक आहेत म्हटल्यावर तर शेजारच्या बाया आईकडं टक लावून बघत राहिल्या. "पाद्रीक बायल?" पाद्र्याला बायको, वर दोन मुलं! एकीनं आईलाच विचारलं, की इगर्जीला, म्हणजे चर्चला, हे माहीत आहे ना.

नगरला आम्ही चर्चला देऊळ म्हणायचो. "देवळात चला," "देवळाची घंटा झाली," असंच घरातलं बोलणं. भावानं शेजारच्या पोराला सांगितलं, आम्ही रविवारी देवळात जातो. संध्याकाळपर्यंत वाड्यावर पक्कं झालं, की ही माणसं कोंकणेच आहेत, म्हणजे हिंदूच, क्रूस नुसता दाखवायला घातलाय. आई रात्री खूप वेळ गप्प होती.

तिची खरी अडचण होती प्रार्थनेची. जेवणाखाणाचं माणूस निभावून नेतं. पण बोटीनं आलेल्या त्या मडमांनी हे कसं निभावलं असेल, असं ती मला मोठेपणी म्हणाली होती. आपला योहान इथं जुआंव. पेत्र म्हणजे पेद्रू. पुनरुत्थानाचा सण म्हणजे पास्क. मरीया म्हणजे सायबीण. आणि येशू म्हणजे जेजू. तिया संध्याकाळी बालकांवात बसून तेर्स म्हणायची, मणी ओढत, एका लयीत, आणि त्या लयीत जेजूचं नाव पुन्हा पुन्हा यायचं. आई आतून ऐकायची. "तो आपलाच आहे हे मला कळतं," ती बाबांना म्हणाली, "पण जेजू म्हटलं की दुसऱ्याच कुणाच्या घरच्या मुलाला हाक मारल्यासारखं वाटतं." ती स्वतः प्रार्थनेला बसली की शब्द अडायचे. ज्या नावानं जन्मभर हाक मारली ते नाव या गावात परकं आहे, ही जाणीव मधे येऊन बसायची. बाबा यावर काही बोलले नाहीत. त्यांच्याकडं उत्तर नसलं की ते पेटीचा भाता उघडून एखादं भजन धरायचे. त्या दिवशीही त्यांनी रेव्हरंड टिळकांचं एक भजन धरलं. आईनं साथ दिली नाही.

पिठाचं म्हणाल तर ते पंधरवड्यातच कडू झालं. बाजरीचं पीठ तसंही टिकत नाही, त्यात गोव्यातला जून. आईनं डबा उघडला, चिमूटभर जिभेवर ठेवलं आणि डबा तसाच बंद केला. उरलेली बाजरी तिनं थोडी थोडी दळून आणायचं ठरवलं. मडगावचा गिरणीवाला म्हणाला, दिवस संपता संपता आणा, बाजरीवर दुसऱ्याचं धान्य लगेच टाकता येत नाही. म्हणून आई दिवेलागणीला छत्रीखाली दोन किलोची पिशवी घेऊन बसनं जायची. मग त्या बाजरीलाही किडे लागले. श्रावणात एका सकाळी शेवटची भाकरी झाली. तिचे चार तुकडे केले, आणि आपला तुकडा आईनं भावाला दिला.

त्या दिवसापासून ती पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, वाट बघू लागली. सायकलच्या मागं मोठी टोपली, वर निळं प्लॅस्टिक, हँडलला रबरी भोंगा. पहाटे आणि दुपारी उतरत्या वेळी तो यायचा. उंडे, कातऱ्यांचे पाव, कडक काकणं, आणि पोयो. पोयी चपटी, आतून पोकळ, वर गव्हाचा कोंडा चिकटलेला. आईनं पहिली पोयी हातात घेतली, मोडली, नाकाशी नेली आणि म्हणाली, "हिला धान्याचा वास आहे." तिच्या तोंडून गोव्याविषयी निघालेला तो पहिला चांगला शब्द.

सांजावचा सण, म्हणजे चोवीस जूनचा सांव जुआंव, आम्ही आल्यावर दोनच आठवड्यांनी आला. आम्हाला काहीच ठाऊक नव्हतं. दुपारी घुमट, म्हणजे मातीचं चामडं लावलेलं वाद्य, वाजवत, डोक्यावर पानाफुलांचे कोपेल घातलेले पंधरा-वीस बाप्ये आणि पोरं ओरडत अंगणात शिरली आणि एकामागून एक आमच्याच विहिरीत धडाधड उड्या! आई किंचाळली. तिला वाटलं कुणीतरी बुडालं. तिया बालकांवातून हसत हसत बाहेर आली. आईचा हात धरून तिनं तिला खाली बसवलं आणि आपल्या कोंकणीत सावकाश सांगू लागली: सायबीण एलिझाबेतेला भेटायला गेली, तिचा आवाज ऐकून एलिझाबेतेच्या पोटातल्या बाळानं उडी मारली, ते बाळ म्हणजे सांव जुआंव, म्हणून आज उड्या मारायच्या. आई ऐकत राहिली. मग उठून आत गेली, बायबल घेऊन आली आणि लूकच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय काढून ओळीवर बोट ठेवलं. अलीशिबा. तीच गोष्ट. तियाला देवनागरी वाचता येत नव्हती, तिचं प्रार्थनेचं पुस्तक रोमी लिपीत. तरी तिनं त्या ओळीवरून हात फिरवला. विहिरीत पोरं अजून ओरडतच होती.

बाबांची अडचण वेगळीच. 'मिशनरी' हा शब्द नगरला अभिमानाचा. शाळेत घालणारा, प्लेगात न पळणारा, मुलींना शिकवणारा. इथं एका बसप्रवासात शेजारच्या म्हाताऱ्या हिंदू गृहस्थांनी बाबांना विचारलं, आपण काय करता. बाबा म्हणाले, मिशनरी आहे. ते गृहस्थ थोडं सरकून बसले आणि शांतपणे म्हणाले, "म्हणजे परत बाटवपाक आयल्यात?" बाबांना ते खोल लागलं. त्यांनी चिडून उत्तर दिलं नाही; मडगावच्या वाचनालयात जाऊन ते वाचू लागले. आम्ही ज्या रायमध्ये राहत होतो तिथलीच कामाक्षी देवी. सोळाव्या शतकात भाविकांनी तिला नदीपलीकडं शिरोड्याला नेलं. पलीकडच्या लोटलीचा रामनाथ बांदिवड्याला गेला, मडगावचा दामोदर जांबावलीला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला. १५६० ते १८१२, मधली थोडी वर्षं सोडली तर अडीचशे वर्षं इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय. १५८३ साली कुंकळ्ळीत लोकांनी पाच जेझुइट मिशनऱ्यांना मारलं, आणि मग पोर्तुगीजांनी गावच्या म्होरक्यांना बोलणी करायला असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून कापून काढलं. बाबा जेवताना हे सांगायचे आणि मधेच थांबायचे. एकच शब्द, तो घाटावर एका अर्थानं रुजला आणि इथं दुसऱ्या. त्यानंतर गोव्यात त्यांनी स्वतःला कधी मिशनरी म्हणवून घेतलं नाही. कुणी विचारलं तर सांगायचे, "मराठी ख्रिस्ती मंडळींचा पाळक आहे." मला आजही वाटतं, बाबांनी गोव्यात केलेलं पहिलं खरं काम हेच होतं.

राशोल आमच्या घरापासून चालत जाण्याजोगं. सेमिनरीच्या टेकडीवर बाबा मला एकदा घेऊन गेले. मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला फादर स्टीफन्स माहीत असतोच, पण तो इथं, आपल्या शेजारी राहून गेलाय हे कळल्यावर बाबांना राहवेना. टॉमस स्टीफन्स हा इंग्लंडमधला माणूस, १५७९ साली गोव्याला आला आणि १६१९ मध्ये इथंच वारला. चाळीस वर्षं. त्याचं ख्रिस्तपुराण मराठीत, ओवीत, जवळजवळ अकरा हजार ओव्या. १६१६ साली इथंच राशोलला रोमी लिपीत छापलं. बाबा त्या भिंतीपाशी उभे राहून मला म्हणाले, "त्यानं स्वर्गाला वैकुंठ म्हटलंय, बाळ." मला त्यात विशेष काय ते कळलं नाही. बाबांना ते फार विशेष वाटत होतं. ज्या सासष्टीत मराठी ख्रिस्ती म्हणजे अशक्य गोष्ट म्हणून आमच्याकडं बघत होते, तिथल्याच कॅथलिकांसाठी एकेकाळी ख्रिस्ताची कथा मराठीत लिहिली गेली होती. मग १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयनं हुकूम काढला, की तीन वर्षांत इथल्या लोकांनी आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावं. हुकमानं भाषा मेली नाही, पण पुष्कळ काही तुटलं. अर्थात स्टीफन्सही देवळं पाडली जात होती त्याच काळातला, त्याच सत्तेच्या आसऱ्याचा. बाबा हेही विसरत नव्हते. पण एक माणूस इतक्या लांबून येऊन वैकुंठ म्हणायला शिकला, एवढं त्यांनी त्या दिवशी आपल्यासाठी घेतलं. परतताना ते तियाकडून शिकलेले कोंकणी शब्द मोठ्यानं घोकत होते.

माझ्या शाळेविषयी फार सांगत नाही. मराठी माध्यमाच्या वर्गात मी एकटीच ख्रिस्ती. कॅथलिक मुली रविवारी दोतोर्नाला, म्हणजे धर्मशिक्षणाच्या वर्गाला, जायच्या, हिंदू मुली चवथीच्या माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या आराशीच्या, गप्पा मारायच्या, आणि मी दोन्हीकडं नुसती ऐकायची. पेटी दुरुस्त करणारा कारागीर मात्र अजून आठवतो. दमटपणानं आईच्या पेटीचे दोन सूर अडकले होते. मडगावातल्या त्या हिंदू कारागिरानं दुरुस्त करून झाल्यावर आईला म्हटलं, वाजवून बघा, काहीतरी म्हणा. आईनं टिळकांचा अभंग म्हटला. त्यानं डोळे मिटून मांडीवर ताल धरला. शेवटच्या चरणात ख्रिस्ताचं नाव आलं तेव्हा त्यानं डोळे उघडले, क्षणभर थांबला, आणि म्हणाला, "परतून म्हणात." पैसे घेतले नाहीत.

पाच ऑगस्टला रायच्या सायबिणीच्या इगर्जीत कणसांचं फेस्त असतं. भातशेतातली पहिली कणसं आशीर्वादून घरोघर वाटतात. बाबांनी ते पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला, "हा तर आपला हंगामाचा सण!" दुपारी तिया एक कणीस आणि ताटभर सान्नां घेऊन आली. पांढरीशुभ्र, इडलीपेक्षा मऊ, किंचित आंबूस. बाबांनी विचारलं, ही फुगतात कशानं? ती म्हणाली, सुरीनं. म्हणजे माडाच्या ताडीनं. आईचा हात थांबला. आमच्या घरात चार पिढ्या दारूचा थेंब नाही. प्रभुभोजनालासुद्धा मनुका उकळून रस काढायचा. तियाला हे माहीत नव्हतं, आणि ती उभी होती, आम्ही खाण्याची वाट बघत. बाबांनी सान्नं उचललं आणि खाल्लं. प्रभूनं सत्तर जणांना गावोगाव धाडलं, तेव्हा सांगितलं होतं, की ज्या गावात तुम्हाला घेतील तिथं पुढ्यात वाढतील ते खा. बाबांनी रात्री आईला तो लूकचा दहावा अध्याय वाचून दाखवला. आई म्हणाली, "वाचायची गरज नव्हती. मीही खाल्लंच की."

सप्टेंबरात मंडळीतलं एक बाळ गेलं.

जालन्याकडचं जोडपं, तो खाणीवर ट्रक चालवायचा. मुलगी चार महिन्यांची. छातीत कफ झाला आणि दोन दिवसांत संपलं. मडगावच्या रुग्णालयातून बाबा त्या दोघांना घेऊन रात्री आमच्याकडं आले, कारण त्यांची खोली लांब सावर्ड्याला आणि पाऊस असा, की रस्ता दिसत नव्हता. बाळ आईच्या पदरात गुंडाळलेलं. बाबा त्याआधी तीन तास एका दारातून दुसऱ्या दारात फिरले होते. पुरायचं कुठं? कॅथलिकांची सिमितेर, म्हणजे दफनभूमी, इगर्जीची, तिचे नियम ठरलेले, आम्ही त्यात बसत नव्हतो. ज्यानं नियम सांगितला तो माणूस वाईट नव्हता, त्यानं बाबांना चहा पाजला, पण नियम सांगितलाच. दहन करायला त्या आईचं मन तयार होत नव्हतं. शेवटी ट्रंककॉल लावून बेळगावच्या एका पाळकांशी बोलणं झालं. तिथं इंग्रजी अमदानीतली आपली दफनभूमी होती. खाणीवरची जीप पहाटे मिळणार होती. तोवर थांबायचं.

आई त्या बाईला धरून बसली होती. ती बाई रडत नव्हती, नुसती बाळाच्या पायाचा अंगठा चोळत होती, एकसारखी, गरम करायला चोळतात तशी. भाऊ झोपला होता. मी कोपऱ्यात.

आणि ते मधलं दार, जे आम्ही आल्यापासून एकदाही उघडलं नव्हतं, त्याची पलीकडची कडी वाजली.

तिया आत आली. हातात कंदील, दुसऱ्या हातात कापडात बांधलेलं काहीतरी. कुणाला काही न विचारता ती खाली बसली. गुडघ्यांमुळं तिला खाली बसायला किती वेळ लागला, ते मला अजून दिसतं. कापडात पांढरा लेसचा झगा होता, कापराचा वास असलेला. तिच्या स्वतःच्या मुलांच्या बाप्तिस्म्याचा, नंतर कळलं. तिनं बाळ मागितलं. त्या आईनं दिलं. तियानं ओल्या फडक्यानं बाळाला पुसलं, बोटांच्या मधे, कानामागं, मानेच्या घडीत. झगा घातला, मागच्या नाड्या बांधल्या, बाह्या सरळ केल्या. झगा मोठा होत होता. तो तिनं पायांखाली नीट मुडपून घेतला. मग बाळ परत आईच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "रडूं नाका. आंज जालें तें."

आंज म्हणजे देवदूत. त्या बाईला कोंकणी येत नव्हती. तिनं आईकडं बघितलं. आईनं सांगितलं. आणि मग ती बाई रडली.

तियानं मण्यांची माळ काढली आणि तेर्स सुरू केला. आईचा एक हात त्या बाईच्या पाठीवर, दुसरा आपल्या मांडीवर. आम्ही लोक माळ ओढत नाही, मरीयेला प्रार्थना करत नाही. आई ऐकत होती. कधीतरी मधेच, तिया श्वास घ्यायला थांबली तेव्हा, आईनं आपल्या शब्दांत प्रार्थना धरली. नंतर पुन्हा तिया. असं आळीपाळीनं पहाटेपर्यंत चाललं. त्या खोलीत एका बाजूनं जेजू आणि एका बाजूनं येशू अशा हाका येत राहिल्या. आईचे शब्द त्या रात्री अडले नाहीत.

पहाटे जीप आली. अनमोड घाटानं भर पावसात बाबा त्यांना घेऊन बेळगावला गेले, दुसऱ्या दिवशी रात्री परतले. डायरीत त्या तिमाहीत लिहिलंय: दफन, १.

मधल्या दाराला पुन्हा कडी लागली नाही.

नाताळाच्या आधी आमच्या वाड्यावर सायबिणीची भोंवडी असते. सायबिणीची मूर्ती एका घरातून दुसऱ्या घरात जाते, एक दिवस राहते, लादीन, म्हणजे सामूहिक प्रार्थना, होते, शेजारपाजार जमतो, उकडलेले चणे वाटतात. तियाच्या घरची पाळी आली. दोन दिवस आधी ती आईकडं आली आणि घुटमळत म्हणाली, मूर्ती सालात, म्हणजे दिवाणखान्यात, ठेवणार, लोक येतील, तुमच्या मधल्या दाराचं काय करायचं? लावून घेऊ का? तुम्हाला बरं वाटणार नाही. तिला आमचं माहीत झालं होतं. आईनं बाबांना विचारलं. बाबा म्हणाले, "तू ठरव." मला वाटतं, इतकी मोठी गोष्ट बाबांनी तिच्यावर सोडल्याचं तिलाही नवल वाटलं असेल. पाळकीणबाईनं मूर्तीसमोर उभं राहणं ही साधी गोष्ट नव्हती. मंडळीत बोललं गेलं असतं, नगरला पत्र गेलं असतं.

आईनं दार उघडं ठेवलं.

त्या रात्री आम्ही आमच्या खोलीत बसलो, पलीकडं साल माणसांनी भरलेला, मेणबत्त्या, व्हायोलिन, लादिनीतले लॅटिन शब्द. आम्ही गुडघे टेकले नाहीत. उठूनही गेलो नाही. लादीन संपली, कुणी चण्यांची परात उचलली, तेवढ्यात तियानं दारातून आईला हाक मारली, "बाय, तुमच्यांतलें एक म्हणात."

आई बायबल घेऊन दारापर्यंत गेली. उंबरठ्यावर थांबली. आणि तिनं लूकचा तोच पहिला अध्याय उघडला, जूनमध्ये विहिरीपाशी उघडला होता तो, फक्त थोडं पुढचं वाचलं: मरीयेचं गीत. त्यात मरीया देवाचा महिमा गाते, त्यानं आपल्या दासीची दीन अवस्था पाहिली म्हणते, त्यानं गर्विष्ठांची दाणादाण केली, भुकेल्यांना चांगल्या गोष्टींनी भरलं म्हणते. आईचा आवाज सुरुवातीला कापत होता. मरीयेकडं काही मागायचं नाही, हा आमचा धर्म. पण तिचं गाणं तर आमच्याही पुस्तकात होतं, आणि ते तिच्यासमोर तिच्याच भक्तांना वाचून दाखवायला कुठलीच आडकाठी नव्हती. हे आईला कुणी सुचवलेलं नव्हतं. वाचून झाल्यावर साल शांत होता. तियाचा भाऊ, जो आमच्याकडं बघायचा नाही, तो भिंतीला टेकून उभा होता. तो म्हणाला, "समजलें." आणि चण्यांचा पहिला द्रोण त्यानं आईच्या हातात दिला.

दुसऱ्या संध्याकाळी मूर्ती पुढच्या घरी निघाली. माणसं मेणबत्त्या घेऊन रांगेत. तियाच्या गुडघ्यांना तो चढ झेपण्यासारखा नव्हता आणि ती जाणार म्हणून हटून बसली होती. आईनं मेणबत्ती घेतली नाही. तिनं तियाचं कोपर धरलं आणि तिच्या चालीनं, दर दहा पावलांवर थांबत, वरच्या घराच्या फाटकापर्यंत गेली. मूर्ती आत गेली. आई फाटकाशी थांबली, आणि तियाला खाली आणायला तासभर तिथंच उभी राहिली.

वर्षाअखेरी बाबा डायरी घेऊन बसले. उपासना, शब्बाथशाळा, सगळे आकडे मांडून झाले. बाप्तिस्मे, शून्य. घरभेटी त्यांनी मोजल्या, एकतीस झाल्या. मग पेन तसंच धरून त्यांनी आईला विचारलं, "सायबिणीच्या रात्रीचं कुठं लिहू?"

आई पोयीचे तुकडे करत होती. म्हणाली, "घरभेटीतच लिहा. दार उघडं होतं, सगळं गाव येऊन गेलं."

त्या पानावर एकतीस खोडून बत्तीस केलेलं आहे.